बिनपासिंगची स्कूटर घ्यावी का?

नेहा, ब्यॉबलिंगेन | १९ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्ये मध्येच हा विषय काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही ऑक्टोबरमध्ये पुण्याहून इथे जर्मनीत आलो. घरापासून एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशन तसं जवळ, पण वाट सगळी चढाची. अमितच्या ऑफिसातला एकजण त्याची ५० सीसीची जुनी स्कूटर विकतोय. पेट्रोलची आहे, ४५ च्या वर पळत नाही. तो म्हणतो, नावावर करायची भानगड नाही, कुठल्या ऑफिसात जायला नको, ट्यूफची, म्हणजे गाडीच्या फिटनेसची, तपासणी नाही. मागची हिरवी पाटी फेब्रुवारीअखेर संपते, मग तुमची तुम्ही आणा. बस्स.

अमितला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. फॉर्म २९ आणि ३० न भरता गाडी विकणारा पुण्यात भेटला असता तर आपण त्याला चहासुद्धा पाजला नसता, असं तो म्हणतो.

दुसरं लायसन्सचं. माझ्या भारतातल्या लायसन्सवर गिअरची मोटरसायकल आणि एलएमव्ही (कार) दोन्ही आहेत. अमितच्या लायसन्सवर फक्त एलएमव्ही. (पुण्यात वाढून टू-व्हीलर न येणारा हा एकटाच असावा.) इथे दोघांना चालवता येईल का?

नेहा

सुहासकाका, झिंडेलफिंगेन | १९ फेब्रुवारी

नेहा,

माणूस खरं बोलतोय. अमितला म्हणावं, फसवणूक नाही, इथला कायदाच तसा आहे.

५० सीसीपर्यंतची आणि बांधणीनेच ४५ च्या आत पळणारी दुचाकी इथे पासिंगशिवाय चालते. (विजेची असेल तर ४ किलोवॉटपर्यंत.) त्सुलासुंगच्या ऑफिसात, म्हणजे इथल्या आरटीओत, ती कधी जातच नाही. रोड टॅक्स नाही, दर दोन वर्षांची ट्यूफ नाही. श्टुटगार्टच्या पर्यावरण झोनचं स्टिकरही दुचाकीला लागत नाही, डिझेलवाल्यांनी ऐकून जळावं.

मग सरकारला गाडी कुणाची हे कळतं कसं? विम्यावरून. ती छोटी पाटी आरटीओची नव्हे, विमा कंपनीची असते. तीन आकडे, तीन अक्षरं, खाली साल. आपल्याकडे विम्याचा कागद डिकीत घडी करून पडलेला असतो आणि पोलिसाने थांबवल्यावरच आठवतो. इथे विमा मागे लटकलेला असतो आणि पन्नास फुटांवरून त्याचा रंग दिसतो. विम्याचं वर्ष सगळ्या देशाचं एकच, १ मार्च ते फेब्रुवारीअखेर. दर वर्षी रंग बदलतो, निळा, हिरवा, काळा असे आलटून पालटून. गेल्या मार्चपासून हिरवा चालू आहे, येत्या मार्चपासून काळा. १ मार्चला सकाळी हिरवी पाटी लावून बाहेर पडलीस तर तू विनाविमा आहेस, आणि ते लांबूनच दिसतं. सवलतीचे दिवस नाहीत, रिन्यूअलची आठवण येईलच असं नाही. जुनी पॉलिसी आपोआप संपते, ती रद्दही करावी लागत नाही.

पाटी मिळवणं सोपं. कंपनीच्या साइटवर किंवा एजंटकडे गाडीचा चासी नंबर आणि चालवणाऱ्याचं वय द्यायचं, पाटी पोस्टाने घरी येते. २३ च्या आतला कुणी चालवणार असेल तर हप्ता चांगलाच वाढतो, आणि वय लपवू नये. सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी. चोरीसाठी टाइलकास्को वेगळा घ्यावा लागतो. एस-बान स्टेशनबाहेर दिवसभर उभी करणार असाल तर घ्या, चोराला दोघांनी मिळून उचलता येईल एवढंच तिचं वजन असतं.

आत्ता घाई करून काळी पाटी आणलीत तरी ती १ मार्चच्या आधी लावून चालवता येत नाही. २८ पर्यंत हिरवीच.

आता लायसन्स. भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६ महिने चालतं, सोबत जर्मन भाषांतर हवं. म्हणजे तुमचं एप्रिलमध्ये संपेल. आणि ते तिथे जेवढं चालवायची परवानगी देतं तेवढंच इथे चालतं. तुझ्या लायसन्सवर मोटरसायकल आहे, तू चालव. अमितच्या लायसन्सवर दुचाकी नाही, म्हणजे त्याने आज हात लावायचा नाही. गंमत अशी की त्याने इथलं कारचं, म्हणजे बी वर्गाचं लायसन्स काढलं की ए-एम, म्हणजे छोट्या दुचाकीचा वर्ग, त्यात आपोआप येतो, आणि ए-एमवर ही स्कूटर चालते. दुचाकीची वेगळी परीक्षा नाही. ज्याला तोल सांभाळता येतो की नाही हे कुणी पाहिलेलं नाही अशा माणसाला कायदा स्कूटर देतो. मला हे कधीच पटलं नाही, पण आहे असं.

ज्या देशांचं लायसन्स इथे थेट बदलून मिळतं त्या यादीत भारत नसल्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. इतके तास शिकलंच पाहिजे अशी सक्ती मात्र भारताचं लायसन्स असलेल्यांना नाही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. एप्रिलची वाट न बघता दोघांनी अर्ज टाका. लांडराट्सआम्टला, म्हणजे जिल्हा कार्यालयाला, घाई नसते.

शेवटचं आणि महत्त्वाचं, विकणाऱ्याकडून बेट्रीब्सएरलाउबनिस किंवा सीओसीचा कागद घ्या. आरसी बुक नाही, मग गाडी किती वेगाची म्हणून मंजूर झाली हे सांगणारा तोच एक कागद. सोबत साध्या कागदावर विक्रीचा करार, चासी नंबर आणि दोघांच्या सह्या.

सुहास

मंदार, श्टुटगार्ट | १९ फेब्रुवारी

काकांनी कायदा सांगितला, मी रस्ता सांगतो.

नेहा, ४५ ची गाडी गावात ठीक. ब्यॉबलिंगेनहून श्टुटगार्टला यायचं म्हटलंस तर विचार कर. ज्या गाडीचा बांधीव वेग ६० च्या वर नाही तिला ऑटोबानवर बंदी आहे, त्यामुळे तू जाणार लांडश्ट्रासेवरून, म्हणजे गावाबाहेरच्या साध्या रस्त्याने. तिथे बाकीच्यांना १०० ची मुभा. मागे ट्रक आला की चढावर ५० सीसीचा जीव किती असतो ते कळतं.

आपल्या डोक्यात छोटी स्कूटर म्हणजे ॲक्टिव्हा. पण ॲक्टिव्हाचं इंजिन ११० सीसीच्या आसपास, म्हणजे इथल्या हिशेबात ती छोटी नव्हेच. तिला ए-१ हा दुचाकीचा वर्ग लागेल किंवा बी-१९६, म्हणजे कारच्या लायसन्सवरचा जादा शिक्का. मी बी-१९६ केलंय. बी लायसन्सला निदान ५ वर्षं झालेली आणि वय २५ पूर्ण असेल तर फारशूलेत (ड्रायव्हिंग स्कूलमध्ये) ९० मिनिटांचे ९ वर्ग, ४ थिअरी आणि ५ रस्त्यावर. परीक्षा नाही. मग १२५ सीसी, ११ किलोवॉटपर्यंत. या गाडीला खरी नंबरप्लेट लागते, त्सुलासुंगच्या ऑफिसात जावं लागतं, दर दोन वर्षांनी ट्यूफ, टॅक्स मात्र माफ. ऑटोबानही उघडतो. अट एकच, हा १९६ चा शिक्का जर्मनीबाहेर चालत नाही. बोडनझे तळ्याकाठी फिरायला जाऊन ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंत्सपर्यंत मारावी म्हटलं तर लिंडाऊलाच थांबायचं.

माझ्या शेजारचे आजोबा मात्र १२५ वर खुशाल फिरतात, शिकवणी न करता. त्यांचं कारचं लायसन्स १ एप्रिल १९८० च्या आधीचं, त्यात ते तेव्हापासूनच धरलेलं आहे.

मंदार



ओंकार, श्टुटगार्ट-फाईंगेन | २० फेब्रुवारी

नमस्कार, मी विद्यार्थी आहे, एक शंका. मी ऑनलाइन ई-स्कूटर मागवली, उभं राहून चालवायची. २५ पर्यंत जाते. आपल्याकडे २५ च्या आत आणि २५० वॅटच्या आत असेल तर लायसन्सही नको, पासिंगही नको. इथे विम्याचं स्टिकर लागतं म्हणे. ते नंतर लावलं तर चालेल ना? तसंही कुणी बघत नाही.

आणि माझा रूममेट मित्राची ५० सीसी घेऊन संध्याकाळी जेवणाची डिलिव्हरी करतो. गाडीच्या विम्यात तो आपोआप येतो का?

ओंकार

ज्योतीताई, लुडविग्सबुर्ग | २० फेब्रुवारी

ओंकार, मी गाड्यांच्या विम्याचे क्लेम बघते, तेव्हा "कुणी बघत नाही" हे वाक्य मी रोज फायलीत वाचते. बघतं ते अपघात झाल्यावर.

तुझ्या ई-स्कूटरला स्टिकर मिळणारच नाही. इथे १५ जून २०१९ पासून या गाड्यांना परवानगी आहे, पण २० च्या वर वेग नको आणि त्या मॉडेलला जर्मनीची मंजुरी हवी. मंजुरीचा नंबर गाडीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. तो नसेल तर कंपनी विमा देत नाही, आणि विमा नसेल तर सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. विकणारे "खासगी जागेतच वापरा" असं बारीक अक्षरात लिहून मोकळे होतात. परत कर. मंजुरी असलेली घेतलीस तर लायसन्स नको, १४ वर्षं पूर्ण असली की पुरे, हेल्मेटची सक्ती नाही. एका वेळी एकच माणूस, फुटपाथवर नाही, सायकलच्या वाटेने. दारूचे नियम कारवाल्यांचेच लागतात, २१ च्या आतल्यांना शून्य. पार्टीहून बसऐवजी ई-स्कूटरने आलो म्हणून कारचं लायसन्स गमावलेले लोक मी पाहिलेत.

घरच्या प्रिवाट-हाफ्टफ्लिश्टमध्ये, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्यात, हे येईल असं समजू नकोस. सक्तीचा विमा लागणारी गाडी त्यातून वगळलेली असते.

विनाविमा चालवणं ही इथे पावती फाडून सुटायची बाब नाही. तो फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. लायसन्सशिवाय चालवण्याचंही तेच, आणि जाणूनबुजून गाडी देणारा मालकही त्यात येतो. पहिल्यांदा सापडलेल्याला बहुधा दंडच होतो, तुरुंग नाही. पण आपल्यासारख्यांना पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरायचा असतो. ९० दिवसांच्या कमाईच्या हिशेबाने होणाऱ्या दंडापर्यंतची शिक्षा त्यात दुर्लक्षित करतात, मात्र चौकशी चालू असेल तर ती संपेपर्यंत अर्ज थांबतो. एका स्कूटरपायी वर्षभर फाइल अडकणं परवडतं का ते बघ.

रूममेटचं: इथे विमा गाडीचा असतो, त्यामुळे ज्याला धडक बसली त्याला कंपनी पैसे देतेच. माणसांच्या इजेसाठी कायद्याने ठरलेली किमान रक्कम ७५ लाख युरो आहे. पण पॉलिसी खासगी वापराची आणि गाडी डिलिव्हरीला, किंवा चालवणारा १९ वर्षांचा आणि कागदावर वय २३ च्या पुढचं, तर कंपनी नंतर मालकाकडे येते. मालकाला सांग, कंपनीला आजच कळव.

गाडीचा वेगरोधक काढून ६० पळवणाऱ्यांसाठीही हेच, फक्त जास्त वाईट. मंजुरी रद्द, ए-एम अपुरं पडतं म्हणजे लायसन्सशिवाय चालवल्याचा गुन्हा, आणि कंपनी ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते. नेहा, जुनी गाडी घेताना हे विचारून घे. चालवून बघ, सपाट रस्त्यावर काटा ४५ च्या फारच पुढे गेला तर सोडून दे.

ज्योती

शैलजाकाकू, केल | २१ फेब्रुवारी

ज्योती, आमचे चिरंजीव जुलैत १५ चे होतात आणि शाळेत सगळे म्हणे मोपेड घेणार. इतक्या लहान वयात खरंच देतात का? आमच्याकडून ऱ्हाईनचा पूल ओलांडला की फ्रान्समधलं श्ट्रासबुर्ग, त्याचे मित्र तिकडेच हिंडतात.

सुहासकाका | २१ फेब्रुवारी

वहिनी, देतात. जुलै २०२१ पासून सगळ्या जर्मनीत ए-एम १५ व्या वर्षी मिळतं, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन. पण १६ पूर्ण होईपर्यंत ते फक्त जर्मनीत चालतं, म्हणजे त्याने पुलाच्या अलीकडे थांबायचं. पूल दिसत असताना कोण थांबतं, ते तुम्ही बघा. हेल्मेट सक्तीचं. माझा सल्ला विचाराल तर आणखी एक वर्ष ट्रामचा पास.

प्राची, ड्रेस्डेन | २१ फेब्रुवारी

इकडे पूर्वेत एक अपवाद आहे तो सांगते. झिम्सोनच्या जुन्या गाड्या, श्वाल्बऽ आणि एस-५१, पूर्व जर्मनीच्या काळात झूलच्या कारखान्यात बनलेल्या. त्या ५० सीसीच्याच, पण ६० पळतात आणि तरी ए-एमवर, छोट्या पाटीवर चालतात. १९९० च्या एकीकरण करारातली सवलत, २८ फेब्रुवारी १९९२ पर्यंत रस्त्यावर आलेल्या गाड्यांपुरती. म्हणूनच त्यांचे भाव वेडेवाकडे झालेत. ज्यांना ४५ ची भीती वाटते त्यांनी बघावं, पण मेकॅनिक ओळखीचा हवा. नसेल तर रविवार पाना घेऊन अंगणात जातो.

नेहा | २४ फेब्रुवारी

गाडी बघून आलो. चासी नंबर फ्रेमवर नीट दिसतो, काटा ४५ ला थांबतो. अडचण एकच, मंजुरीचा तो कागद त्याला सापडत नाहीये. म्हणतो, इतकी वर्षं कुणी मागितलाच नाही. ५० युरो कमी करायला तयार आहे. घ्यावी का?

सुहासकाका | २४ फेब्रुवारी

कागद नसेल तर घ्यायची नाही, ५० काय, १०० कमी केले तरी. माहितीतल्या कंपनीची गाडी असेल तर चासी नंबर देऊन कंपनीकडून किंवा तिच्या आयातदाराकडून दुसरी प्रत मागवता येते, तिचे पैसे पडतात. ते काम त्याने करायचं, तू नाही. चोरीच्या गाडीलाही कागद नसतो, म्हणून त्याची मूळ खरेदीची पावतीही बघायला माग. प्रत हातात आली की करार करा आणि त्यानंतरच पैसे द्या.

विमा कंपनीला मात्र आजच फोन कर, चासी नंबर तुझ्याकडे आहे. १ मार्च रविवारी येतोय, पोस्टमन शनिवारनंतर फिरकायचा नाही.