ट्रॅम्पोलिनच्या एका बाजूच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार.

घरी असलेल्या गोल, १२ फुटी ट्रॅम्पोलिनच्या स्प्रिंगांबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ट्रॅम्पोलिनला एकूण ७२ स्प्रिंगा असून प्रत्येकीची मूळ लांबी, एका हुकाच्या टोकापासून दुसऱ्या हुकाच्या टोकापर्यंत, ७ इंच म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर आहे. अलीकडे असे लक्षात आले की, बरोबर मध्यभागी उडी मारली तरी उतरताना पाय मधोमध पडत नाही आणि अंग एका बाजूकडे ओढले जाते. मुलांनाही हाच अनुभव येतो. रिकाम्या ट्रॅम्पोलिनवर टेप लावून पाहिले, तेव्हा मॅटची कड आणि फ्रेम यांच्यामधले अंतर एका बाजूला दीड ते दोन सेंटिमीटरने जास्त भरले. त्याच बाजूला स्प्रिंगांवरचे पॅड फाटलेले असून त्याखाली ओली पाने साचून राहत होती, आणि तिथल्या स्प्रिंगांवर गंजही दिसतो.

खात्री करण्यासाठी या बाजूची एक आणि समोरच्या बाजूची एक अशा दोन स्प्रिंगा काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. समोरच्या बाजूच्या स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना इतके चिकटलेले आहेत की त्यांच्या फटीत कागदही जात नाही. गंजलेल्या स्प्रिंगेच्या मधल्या वेढ्यांतून मात्र उजेड आरपार दिसतो आणि तिची लांबी ६ मिलिमीटरने जास्त आहे. याशिवाय उडी मारताना फ्रेमच्या छिद्रांपाशी करकर असा आवाज येतो.

माझे प्रश्न असे आहेत. सैल पडलेली स्प्रिंग पुन्हा घट्ट करण्याचा काही मार्ग आहे का, किंवा तिचे एक-दोन वेढे कापून ती आखूड करता येते का? नव्या स्प्रिंगा घ्यायच्या झाल्यास केवळ खराब झालेल्या बदलाव्यात की सगळ्याच? आणि ज्या स्प्रिंगांवर नुसता वरवरचा गंज आहे, त्या व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ करणे योग्य ठरेल का? मुलांना तूर्त ट्रॅम्पोलिनवर जाऊ देत नाही, त्यामुळे घाईने काही करण्यापेक्षा नीट समजून घेऊन काम करण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद १

तुम्ही दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी ठेवून पाहिल्या, हे फार योग्य केले. ट्रॅम्पोलिनवर लावलेली स्प्रिंग मॅटच्या ताणामुळे थोडी उघडलेलीच असते, त्यामुळे ती जागेवर असताना वेढ्यांत फट दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. पण सुटी काढल्यानंतरही फट राहत असेल, तर तिने आपला मूळ आकार कायमचा सोडलेला आहे. अशी स्प्रिंग दाबून, पिळून किंवा तापवून पूर्ववत होत नाही. घरगुती ट्रॅम्पोलिनला ताण कमी-जास्त करणारा स्क्रू सहसा नसतोच. तिथे ताण ठरतो तो फ्रेमचा व्यास, मॅटचा आकार आणि स्प्रिंगेची लांबी यांच्या आपसातल्या मेळावर.

वेढे कापण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते, म्हणजे त्या एका जागी आता उलट्या दिशेने असमतोल येतो. शिवाय कापलेल्या टोकाला नवा हूक वळवावा लागतो, आणि स्प्रिंगेची तार थंड स्थितीत घरी तशी वळवली तर नेमक्या त्या वळणाला तडा जाण्याचा धोका असतो. ताणाच्या स्प्रिंगा बहुधा हुकाच्या वळणापाशीच तुटतात, कारण तिथे तारेवर पीळ आणि वाक असे दोन्ही भार एकत्र येतात.

नवीन स्प्रिंगा घेताना केवळ लांबी जुळवून चालत नाही, हा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. तारेची जाडी ३ मिलिमीटरऐवजी ३.२ मिलिमीटर असेल आणि बाकी सगळे सारखे असेल, तर कडकपणा जवळपास ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणून चांगल्या अवस्थेतली जुनी स्प्रिंग नमुन्यादाखल समोर ठेवून व्हर्नियर कॅलिपरने तारेची जाडी आणि वेढ्यांचा बाहेरचा व्यास मोजावा, वेढे मोजावेत, आणि मगच मागणी नोंदवावी. लांबी नेहमी सुट्या स्प्रिंगेची आणि हुकांसह मोजायची.

किती बदलाव्यात याबाबत माझे मत असे आहे की, साधारण पाव भागापेक्षा कमी स्प्रिंगा खराब असतील तर तेवढ्याच बदलाव्यात; त्याहून जास्त असतील तर पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे. मात्र थोड्याच बदलणार असाल तर सगळ्या नव्या स्प्रिंगा त्या एकाच बाजूला लावू नयेत. त्या गोलभर समान अंतराने विखुराव्यात आणि समोरच्या बाजूच्या चांगल्या जुन्या स्प्रिंगा रिकाम्या झालेल्या जागी आणाव्यात, म्हणजे कोणत्याही एका भागात ताण एकवटणार नाही.

स्प्रिंगांकडे वळण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. फ्रेमवर आडव्या आणि उभ्या दिशेने सरळ पट्टी टाकून पाणसळ ठेवावी, आणि फ्रेमचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. जमीन उतरती असेल किंवा फ्रेम अंडाकृती झाली असेल, तर नव्या स्प्रिंगाही काही दिवसांत तशाच ताणल्या जातील.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गंजाबाबत थोडी भर घालते. व्हिनेगर किंवा गंज काढणारे कोणतेही आम्लयुक्त द्रावण स्प्रिंगांसाठी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अशा स्प्रिंगांवर जस्ताचा मुलामा असतो आणि आम्ल गंजाबरोबर तो मुलामाही खाऊन टाकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे कडक स्प्रिंग-पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, आणि अशी स्प्रिंग वरून चकचकीत दिसत असली तरी ताणाखाली अचानक तुटते. वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने कोरडाच घासावा, कापडाने पुसावा आणि तारेवरून नख फिरवून पाहावे. नखाला खड्डे लागत असतील तर ती स्प्रिंग टाकून द्यावी, लांबी योग्य असली तरीही.

तुमची करकर बहुधा हूक आणि फ्रेमचे छिद्र यांच्या घर्षणाची आहे. जिथे हूक टेकतो तिथे बोटभर लिथियम ग्रीस पुरते. संपूर्ण स्प्रिंगेला तेल चोपडू नये. त्यावर धूळ बसते, आणि ओघळ मॅटवर उतरला की पाय घसरतात. गंज सैल करण्यासाठी मिळणारे पातळ फवारे आवाज तात्पुरता थांबवतात, पण ते लवकर उडून जातात.

काढण्या-लावण्याच्या क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे आधी बारा आणि सहा, मग तीन आणि नऊ, त्यानंतर त्यांच्या मधल्या जागा, असे समोरासमोर काम करावे. एका बाजूने ओळीने लावत गेल्यास शेवटच्या स्प्रिंगा हाताने ओढणे अशक्य होते आणि मॅटची शिवणही उसवते. स्प्रिंग ओढण्यासाठी आडव्या मुठीचा खास आकडा मिळतो, तोच वापरावा. पक्कड निसटते आणि मुलाम्यावर ओरखडे पाडते. जाड हातमोजे आणि संरक्षक चष्मा घातल्याशिवाय एकही स्प्रिंग काढू नये, आणि हात निसटला तर तो तोंडाकडे येणार नाही अशा बेताने बाजूला उभे राहावे.

स्प्रिंगा इतक्या का ताणल्या, याचाही विचार व्हावा. एका वेळी अनेक जण उडत असतील तर भार एका बाजूला एकवटतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१२ च्या निवेदनानुसार ट्रॅम्पोलिनवरील सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण एकाच वेळी उडत असताना होतात, त्यामुळे एका वेळी एकच हा नियम मुलांसाठी जितका महत्त्वाचा, तितकाच स्प्रिंगांच्या आयुष्यासाठीही.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. पाणसळ लावून पाहिली. फ्रेम समतल आणि गोल आहे. सर्व स्प्रिंगा मोजल्यावर ११ स्प्रिंगा लांबलेल्या आढळल्या, तर आणखी ३ स्प्रिंगांवर नखाला लागतील असे खड्डे आहेत. म्हणजे एकूण १४ बदलाव्या लागतील, आणि नव्या स्प्रिंगा सांगितल्याप्रमाणे विखुरून लावेन. तपासताना एक नवी गोष्ट दिसली. गंजलेल्या बाजूला मॅटला शिवलेल्या त्रिकोणी कड्यांपैकी दोन कड्यांचे कोपरे उघडले आहेत आणि एकीच्या पट्ट्याचे धागे सुटू लागले आहेत. कड्या पकडीने दाबून बंद केल्या आणि पट्टा जाड दोऱ्याने शिवला तर चालेल का?

प्रतिसाद १

कडी दाबून बंद होईल, पण उघडलेला कोपरा एकदा वाकून कमकुवत झालेला असतो आणि पुढच्या भाराला तो पुन्हा उघडतो. पट्ट्याचे धागे केवळ झिजून सुटले असते तर शिवून पाहण्यासारखे होते; तुमच्या बाबतीत मात्र त्या बाजूला ओलावा साचत होता आणि ताणही असमान होता, त्यामुळे शेजारचे पट्टे कितपत शाबूत आहेत याची खात्री देता येत नाही. आतल्या बाजूने प्रत्येक पट्टा अंगठ्याने जोराने ताणून पाहावा. शिवण एका जागीही चुरचुरत सुटली तर मॅट बदलावी. नवी मॅट मागवताना फ्रेमचा बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचा व्यास, कड्यांची संख्या आणि स्प्रिंगेची सुटी लांबी ही तिन्ही मापे द्यावीत. नुसते १२ फुटी असे सांगितल्यास मॅट सैल किंवा आखूड येते, आणि मग नव्या स्प्रिंगाही वेळेआधीच ताणल्या जातात. फाटलेले पॅड याच खेपेला बदलून घ्यावे, नाहीतर पाणी पुन्हा त्याच स्प्रिंगांवर साचेल.