मध्यस्थीच्या प्रार्थनेत गोटे आणि परात

ताई: येत्या रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना आपल्या घराकडे आलीय. या वेळी नुसता कागद वाचायला नको, असं मनापासून वाटतं. आत येताना प्रत्येकाला एक छोटा गोटा द्यायचा. ज्याच्यासाठी जीव तुटतोय त्याचं नाव मनात घेऊन तो मुठीत धरायचा आणि पुढे येऊन पाण्याच्या परातीत सोडायचा. मोठ्याने काही बोलायचं नाही.

मामा: मुलांसाठी ठीक आहे, मोठ्यांना कशाला? हातात वस्तू आली की लक्ष तिच्यावरच राहतं. मोशेने केलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळायला लागले, शेवटी हिज्कीया राजाला तो फोडावा लागला. बायबलमध्ये २ राजे १८:४ वाच.

ताई: वाचलंय मामा, भीती खरी आहे. म्हणूनच गोटे नंतर तिथे मांडून ठेवायचे नाहीत, घरीही न्यायचे नाहीत. पण यहोशवा ४ बघा ना. यार्देन नदीतून १२ दगड उचलायला देवानेच सांगितलं, पुढे मुलांनी ‘हे दगड कशाचे?’ असं विचारावं म्हणून. आणि योहान १३ मध्ये प्रभूने आधी कमरेला रुमाल बांधला, पाय धुतले, समजावलं नंतर.
संडे स्कूलमध्ये मी हे करून पाहिलं. प्रार्थनेत कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. गोटा सोडायला त्याची मूठच उघडेना. शेवटी दोन्ही हातांनी तो अलगद पाण्यात ठेवला, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. कोणासाठी होता, ते मी विचारलं नाही.

वहिनी: कल्पना आवडली. फक्त सोबत दोरे, मेणबत्त्या, चिठ्ठ्या नकोत हं, हस्तव्यवसायाचा तास होतो मग.

ताई: अगदी. एकच गोष्ट. सूचना आधीच, दोन वाक्यांत. एकदा सुरू झालं की निवेदन नाही, पेटीही वाजवायची नाही. ज्याला नको वाटेल त्याने जागेवरच प्रार्थना करावी.

आजी: माझे गुडघे उठू देत नाहीत गं. मी काय करू?

ताई: आजी, परात तुझ्यापाशी आणू.

मामा: आजीपाशीच का, सगळ्यांपाशीच फिरवा. रांग नको, गडबड नको. एका परातीऐवजी तीन-चार पातेली घ्या. शेवटी ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ सगळ्यांनी म्हणायचं, ते मी सुरू करतो.

ताई: चालेल मामा. फक्त शेवटचा गोटा पाण्यात जाईपर्यंत थांबा. काहींना वेळ लागतो.