साडेपाच वर्षांच्या मुलीच्या दाढा किडल्यात, खाजगीत परवडत नाही. मुंबईत कुठे न्यावं?

स्नेहल_भांडुप

नमस्कार मंडळी. मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत आहे. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्यात, डावीकडची तर आतून पोकळच झालीय. भाकरीचा घास उजव्या गालात ढकलून चावते. पोहे केले की त्यातले शेंगदाणे एक एक वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवते. रात्री मध्येच उठून रडते. लवंगेचं तेल लावलं की तेवढ्यापुरतं थांबतं.

स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. एक्स-रे काढला आणि १४ हजार सांगितले. दोन दाढांचं रूट कॅनल, वर कॅप, आणखी दोन ठिकाणी सिमेंट. शिवाय "आजच ॲडव्हान्स भरलात तर बारामध्ये करून देऊ." दवाखाना आहे की साड्यांचा सेल, तेच कळेना. मिस्टर पवईला एका कंपनीत हाऊसकीपिंगला आहेत, पगार साडेअठरा. मी घरी ब्लाउज शिवते. धाकटा दोन वर्षांचा, त्याला सोडून कुठे जाता येत नाही.

सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, त्यांच्यावर कसले पैसे घालवता? त्यांचं पटतंही आणि रात्री पोरगी रडली की पटतही नाही.

तर विचारायचं होतं की दुधाच्या दाढांना खरंच रूट कॅनल लागतं का? सरकारी किंवा पालिकेच्या ठिकाणी लहान मुलांचं नीट करतात का? आणि किती खेपा होतात? पैशांचं एक वेळ जमवू, पण सणासुदीच्या दिवसांत माझा शिवणाचा एक दिवस बुडला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

नाना_लालबाग

सासूबाईंचं ऐका. आमच्या वेळी दात हलला की दोरा बांधून ओढायचे आणि कौलावर फेकायचे. कोण जात होतं डॉक्टरकडे? सगळे चांगले जगलो.

दातांची_डॉक्टर

नाना, तुम्ही सांगताय ते पुढच्या दाताचं, तेही हलायला लागल्यावरचं. इथे प्रश्न दाढांचा आहे.

स्नेहल, मी लहान मुलांच्या दातांचंच काम करते, ठाण्यात. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलीला त्यांच्यावर अजून पाच-सहा वर्षं जेवायचंय. कीड मुळापर्यंत जाऊन पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही धक्का पोचू शकतो. आणि दाढ लवकर काढून टाकली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात, मग कायमचा दात वेडावाकडा येतो. काढावीच लागली तर ती जागा राखायला स्पेस मेंटेनर नावाची तारेची पट्टी बसवतात, ती मात्र मागून घ्या.

पण कीड लागली म्हणजे रूट कॅनलच, असंही नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर बहुधा नसेपर्यंत पोचलंय, तिथे ते लागेल. मुलांचं रूट कॅनल मोठ्यांच्या मानाने लवकर उरकतं, वर स्टीलची तयार कॅप बसते. कॅप चांदीसारखी दिसते म्हणून पालक नाक मुरडतात, पण दाढेला तीच टिकते. बाकीच्या दोन ठिकाणी साधं सिमेंट चालेल. जिथे कीड आहे पण ठणका नाही, तिथे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचं औषध नुसतं ब्रशने लावूनही कीड थांबवता येते. ना सुई, ना मशीन. किडलेला भाग काळा पडतो आणि तसाच राहतो, हे मात्र आधी ऐकून घ्या, नाहीतर घरी सासूबाई विचारतील हे काय करून आणलंत.

१४ हजार ही लूट आहे का? चार दात, दोन कॅप, मुंबईचं भाडं धरलं तर आकडा अगदी वेडा नाही. मला खटकलं ते "आजच भरलात तर". दुखऱ्या पोराला समोर बसवून आईबापांना घाई करायची नसते. एक्स-रे तुमचा आहे, मागून घ्या, पुढच्या ठिकाणी दाखवायला होईल.

लवंगेचं तेल थांबवा, मुलांच्या हिरडीला ते भाजतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं सिरप किती द्यायचं ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर नंबर-बिंबर बघत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

अजून एक. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. ती आल्या आल्या तिच्या खाचा सीलंटने बंद करून घ्या. माझ्याकडे दहा वर्षांची मुलं येतात ती नेमकी हीच दाढ घालवून.

कल्पना_विक्रोळी

स्नेहलताई, मी माझ्या नातवाला सीएसएमटीच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेत होते. भांडुपहून तुम्हाला सरळ पडेल, गाडी बदलायची नाही. सीएसएमटीला उतरून १८ नंबर फलाटाच्या बाजूने पी. डिमेलो रोडला बाहेर पडा, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातच कॉलेज आहे. सकाळी लवकर पोचा. आधी केसपेपर, मग तपासणीची ओपीडी, तिथून लहान मुलांच्या विभागात पाठवतात. सगळे त्याला "पेडो" म्हणतात, तोच शब्द धरून विचारा. खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी.

काम शिकणारे डॉक्टर करतात आणि वर सर-मॅडम तपासतात. त्यामुळे वेळ लागतो, घाईचं गणित तिथे नाही. पण मुलांशी वागायची त्यांची एक रीत असते, ती मला फार आवडली. आमच्या पोराने खुर्ची बघूनच भोकाड पसरलं होतं. त्या मुलीने (डॉक्टरच, पण दिसायला कॉलेजातली पोर) दात घासायचा तो गरगर फिरणारा ब्रश आधी स्वतःच्या नखावर फिरवला, मग त्याच्या नखावर. गुदगुल्या झाल्या तसा हा हसला आणि दुसरी नखंही पुढे करायला लागला. मग एकदाचं तोंड उघडलं. पहिल्या दिवशी तेवढंच, सुई नाहीच.

खेपांचं म्हणाल तर होतात. त्या कमी करायची युक्ती सांगते. पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी शिवणकाम करते, लहान बाळ आहे, एका बाजूचं जमेल तेवढं एका बैठकीत करा. शक्य असेल तर करतात. दुसरं, ज्या डॉक्टरकडे पहिलं काम झालं त्यांचंच नाव केसपेपरवर लिहून घ्या आणि पुढची तारीख त्यांच्याकडूनच घ्या. त्यांनाही शिक्षणासाठी ठरावीक केसेस पुऱ्या करायच्या असतात, त्यामुळे आमची डॉक्टर उलट स्वतः फोन करून विचारायची, "आजी, उद्या आणताय ना?" परीक्षांचे दिवस मात्र टाळा.

पालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे मुंबई सेंट्रलला. वेस्टर्नच्या लोकांना ते बरं, तुम्हाला दादरला गाडी बदलावी लागेल. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघरला खाजगी डेंटल कॉलेजं आहेत, तिथेही शिकणाऱ्यांकडून कमी पैशांत होतं. पण कडेवर बाळ घेऊन ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडायची म्हणजे, मी तरी नाही जाणार.

पगारपत्रक

एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. मिस्टरांचा पगार साडेअठरा हजार म्हणालात. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा २१ हजार आहे. त्यांच्या स्लिपवर ईएसआयसीची कपात दिसते का बघा. ०.७५ टक्के, म्हणजे त्यांच्या पगारावर १३९ रुपयांच्या आसपास. कापली जात असेल तर बायको-मुलांचे उपचारही त्यातच येतात, दातांचेसुद्धा. आधी तुमच्या भागातल्या डिस्पेन्सरीत जायचं, तिथून पुढे पाठवतात. आमच्या कंपनीत निम्म्या लोकांना आपलं कार्ड आहे हेच माहीत नव्हतं. हाऊसकीपिंगच्या कंत्राटात तर हमखास पैसे कापतात आणि सांगत नाहीत.

बाई_पालिका_शाळा

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आपल्या महाराष्ट्रातच पालघरला सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्यांची दोनदा तपासणी ठरलेली आहे, दातही बघतात. धाकट्याचं नाव अंगणवाडीत असेल तर तपासणीच्या दिवशी त्याला घेऊन जाच. दोन वर्षांचा आहे, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल तर ती आत्ताच सोडवा. वरचे पुढचे दात त्यानेच जातात.

आता माझं रडगाणं. तपासणी होते, पण पुढे? मुलाच्या हातात चिठ्ठी दिली जाते, ती दप्तरात पाण्याच्या बाटलीने भिजून लगदा होते. आईला चिठ्ठी मिळाली तरी ओपीडी सकाळी, आणि आईची धुण्याभांड्याची कामंही सकाळीच. कीड सापडते, पण ती भरायला कुणाला सुट्टी मिळत नाही. खुर्ची आणि सिमेंट घेऊन एखादी गाडी महिन्यातून एकदा शाळेच्या गेटवर उभी राहिली तर आमच्या वर्गातली निम्मी मुलं मधल्या सुट्टीत मोकळी होतील. मी हे मीटिंगमध्ये बोलते, सगळे मान हलवतात आणि मग पोषण आहाराच्या रजिस्टरचा विषय निघतो.

घराजवळ बघायचं असेल तर पालिकेच्या आपला दवाखान्याच्या पॉलीक्लिनिकमध्ये काही ठिकाणी दातांचे डॉक्टर बसतात. कोणत्या वारी, ते वॉर्डच्या आरोग्य विभागात विचारा. सिमेंटचं काम तिथे झालं तर तेवढीच एक खेप वाचली.

नाना_लालबाग

डॉक्टरबाई, माझी नात सात वर्षांची आहे. ती मागची नवी दाढ आताच आलेली दिसतेय, मधोमध काळी रेघ आहे. ते सीलंट अजून होईल का? नायर आम्हाला जवळ आहे.

दातांची_डॉक्टर

नुसता डाग असेल तर सीलंट, कीड सुरू झाली असेल तर छोटं सिमेंट. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण उशीर करू नका. दोरा घरीच ठेवून या.

स्नेहल_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांनी स्लिप काढली, कपात आहे! पण कार्डावर फक्त माझं नाव, दोन्ही मुलांची नाहीत. आधार आणि जन्मदाखले घेऊन सोमवारी कंत्राटदाराच्या ऑफिसात जाणार आहेत. ते होईपर्यंत थांबत नाही. बुधवारी पहिल्या गाडीने सीएसएमटी, धाकटा सासूबाईंकडे. डॉक्टरांचं पाच-सहा वर्षांचं गणित त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "मग माझी कवळी पण तिथेच विचारून ये."

कल्पनाताई, कवळीचा विभाग त्याच इमारतीत आहे का? त्याचा केसपेपर वेगळा काढावा लागेल का?