पावसाळी रात्रीसाठी हेडलाईट कसा सुधारावा? (गोव्यातील साखळी–केरी रस्ता, १५० सीसी मोटरसायकल)

नमस्कार. कुंडई औद्योगिक वसाहतीतील दुसरी पाळी संपवून मी माशेल, आमोणे पूल आणि साखळी या मार्गाने केरीला परततो. वस्तीच्या भागात पथदिव्यांमुळे निभावून जाते. खरी अडचण साखळी मागे पडल्यावर सुरू होते. कोरड्या रस्त्यावर पुरेसा वाटणारा प्रकाश पाऊस पडला की नाहीसा झाल्यासारखा होतो, कारण डांबरावरील पाण्याचा थर तो पुढच्या पुढे परावर्तित करतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत फारच थोडा परत येतो. त्यातच कडेची पांढरी रेघ लाल मातीखाली गेलेली असते आणि रस्त्यावर बसलेली म्हैस अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही.

गाडीत एचएस-१ प्रकारचा १२ व्होल्ट, ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब आहे. पत्नी मागे बसलेली असताना मी लो बीमवर असूनही समोरचे वाहनचालक डिपर मारतात, म्हणजे मला दिसत नाही आणि त्यांचे डोळे मात्र दिपतात, असा उफराटा प्रकार आहे. एका दुकानदाराने पांढरा एलईडी बल्ब सुचवला, तर दुसऱ्याने ६०/५५ वॅटचा हॅलोजन. दोन्ही उपाय मला सरसकट पटलेले नाहीत. खर्च करण्यापूर्वी फोकस नेमका कसा लावावा, वायरिंगमध्ये काय तपासावे आणि एलईडी घ्यावा की नाही, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या तक्रारीतील दुसरा भाग आधी सोडवा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टायरमधील हवा योग्य करून गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटर अंतरावर सरळ उभी करा. देवळाच्या सभामंडपासमोरचे प्रांगण यासाठी उत्तम. स्टँड काढून स्वतः गाडीवर बसा आणि दिव्याच्या मध्याची उंची दुसऱ्या कोणाकडून भिंतीवर खुणावून घ्या. लो बीमच्या झोताची वरची कड त्या खुणेपेक्षा सुमारे १० सेंटीमीटर खाली आली पाहिजे. दिवा ९० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर ही कड ९० मीटरवर जमिनीला टेकते. २० सेंटीमीटर खाली आणली तर तीच ४५ मीटरवर टेकेल आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने ते अंतर तीन सेकंदांच्या आत संपते, म्हणून भिडेखातर झोत फार खाली पाडू नये.

आता मागे बसणाऱ्या व्यक्तीचा हिशेब. दोन चाकांतील अंतर १.३ मीटर धरले आणि वजनामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा ३ सेंटीमीटर जास्त बसली, तर १० मीटरवर झोत सुमारे २३ सेंटीमीटर वर जातो, म्हणजे आपण खाली घेतलेले १० सेंटीमीटर वजा जाऊनही तो समोरच्याच्या तोंडावर येतो. मागील शॉक ॲबसॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण एक-दोन खाचांनी वाढवणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

त्यानंतर मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू आणि दिवा लागलेला असताना बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर हॅलोजनचा प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. आपल्याकडील दमट हवेत जोडण्यांवर गंज चढतोच, त्यामुळे आधी अर्थिंगची जोडणी, होल्डर आणि डिपरचा स्विच स्वच्छ करा. तेवढ्याने भागले नाही तरच फ्यूजसह रिले (दिव्याला थेट बॅटरीतून वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) बसवा.

६० वॅटचा बल्ब मला मान्य नाही. ३५ वॅटला सुमारे ३ ॲम्पियर लागतात, ६० वॅटला ५. एवढी उष्णता आणि विद्युतभार सोसण्यासाठी तुमचा होल्डर बनवलेला नाही. एलईडीबद्दल एवढेच सांगतो की रिफ्लेक्टरची वक्रता फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेली असते आणि लो बीमच्या फिलामेंटखालची धातूची छोटी वाटी नको तो प्रकाश अडवते. एलईडी चिपची जागा जराशी चुकली तरी प्रकाश विखुरतो: भिंतीवर लख्ख दिसतो, रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व योग्यच आहे, फक्त काचेकडेही पाहा. पॉलिकार्बोनेटचे आवरण उन्हाने पिवळे पडले असेल तर नवा बल्बही मंदच दिसेल. पॉलिशने ते बरेच सुधारते.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. बॅटरीवर १३.९ आणि होल्डरवर १२.५ व्होल्ट आढळले. अर्थिंग घासून जोडण्या साफ केल्यावर होल्डरवर १३.४ मिळू लागले, आणि फरक डोळ्यांनाही जाणवतो. स्प्रिंग दोन खाचांनी घट्ट केल्यापासून डिपर मारणे थांबले आहे, मात्र एकटा असताना गाडी थोडी कडक वाटते. आता एकच शंका उरते: चोर्ला घाटातील धुक्यासाठी खाली लावायचा रुंद झोताचा जोडदिवा या गाडीच्या चार्जिंगला पेलेल का?

प्रतिसाद

एकूण २० वॅटच्या आतील एलईडी जोडी बहुधा पेलेल; दोन्ही दिवे लावून, इंजिन मंद गतीवर ठेवून बॅटरीचे व्होल्टेज पाहा. ते १२.६ च्या खाली उतरत राहिले तर बेत सोडा. दिवे हेडलाईटपेक्षा खाली बसवा, त्यांना स्वतंत्र स्विच द्या आणि समोरून वाहन येताना बंद करा. धुक्यात मुख्य दिवा लो बीमवरच ठेवावा.