नवे ऑल-टेरेन टायर टाकल्यापासून पिकअप आपटते आणि ८० ला थरथरते: नेमकं काय तपासायचं?

यावलरोड (प्रश्न)

राम राम मंडळी. डबल केबिन फोर बाय फोर पिकअप आहे, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पानांच्या स्प्रिंगा). जुने टायर २४५/७५ आर १६, साधे पॅसेंजर प्रकारचे, लोड इंडेक्स (भार पेलण्याचा क्रमांक) १०९. आता त्याच मापाचे ऑल-टेरेन टाकले, पण एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, लोड इंडेक्स १२०/११६, टेन प्लाय. चारही नवे.

तक्रारी दोन.

१) यावल-चोपडा रस्त्यावर लहान खड्डा किंवा डांबराचा नुसता जोड आला तरी मागून दणका बसतो. रिकामी असली की जास्त.

२) जळगाव-धुळे हायवेवर ७८ ते ९० च्या दरम्यान सीटखाली थरथर. स्टेअरिंगला फार नाही. ९५ च्या पुढे कमी होते.

बॅलन्सिंग दोनदा झालं, अलाइनमेंटही झाली. दुकानात हवा ५५ पीएसआय भरून दिली. गाडी जास्तीत जास्त रिकामी असते. आठवड्यात एखाद्या वेळी ५० किलोच्या १६ गोण्या किंवा ठिबकच्या नळ्या. टायरच बदलून मागावेत का?

तापीकाठ

टायर बदलायचं इतक्यात बोलू नका. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींवर एकच औषध चाललंय. दणका हा हवेचा आणि टायरच्या कडकपणाचा विषय. ठरावीक वेगालाच येणारी थरथर हा गोलाईचा किंवा वजनाचा विषय. अलाइनमेंटने यातलं काहीच जात नाही. ती गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तेव्हा कामाची.

आधी दणका. टेन प्लाय म्हणजे आत दहा थर असतात असं नाही, ते ताकदीचं रेटिंग आहे. पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, खरंच जाड असते. खड्ड्यातला पहिला मार टायर खातो, मग पाटे, मग शॉकअप. ५५ हवेत हा टायर दगड होतो. वर गाडी रिकामी, म्हणजे पाट्यांवर वजन नाही. पानांमधलं घर्षण सोडवण्याइतकाही जोर लागत नाही, पाटे दबतच नाहीत आणि मागचा ॲक्सल अख्खा उडतो.

हवा किती ठेवायची हे साइडवॉलवर वाचायचं नाही. तिथला ८० चा आकडा कमाल भाराच्या वेळचा आहे. दाराच्या स्टिकरवरचा आकडाही जसाच्या तसा चालत नाही, तो जुन्या प्रकारच्या टायरसाठी आहे. एलटी २४५/७५ आर १६ चा भारतक्ता असा, एका टायरला, थंड हवा:

३५ पीएसआय: ७७० किलो
४० पीएसआय: ८४५ किलो
४५ पीएसआय: ९२० किलो
५० पीएसआय: १००० किलो
८० पीएसआय: १३८० किलो

आता वजनकाट्यावर जा. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर, एक पावती. मग उलट, दुसरी पावती. तेवढे दोन आकडे इथे टाका, हवा मी सांगतो.

खानदेशी_मड

एवढं गणित कशाला भो! चारही चाकांत २८ ठेवा, गादीसारखी चालते. शेतातही मस्त पकड देते.

तापीकाठ

शेतात २८ काय, २० ठेवली तरी चालेल, ताशी २०-२५ च्या वर जायचं नाही आणि डांबरावर येण्याआधी भरून घ्यायची. पण २८ वर १६ गोण्या घेऊन मे महिन्यात हायवेला लागणं म्हणजे टायर भाजणं. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, आत उष्णता साठते आणि एक दिवस ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या भागाची) पट्टी सुटते. बाहेर ४५ अंश असताना ती उष्णता बाहेर टाकायलाही वाव नसतो. मऊपणा मिळतो, नाही असं नाही, पण त्याची किंमत ही आहे.

आणि खानदेशात हवा तपासायची ती पहाटे, गाडी हलवायच्या आत. दर १० अंशाला साधारण दीड ते दोन पीएसआय फरक पडतो. सकाळी ३५ असलेली हवा दुपारी उन्हात उभी राहून आणि मग पळून ४१-४२ दिसणार. ती "जास्त झाली" म्हणून काढू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे २९ भेटेल. गेजही एकच वापरा, शक्यतो स्वतःचा. पंपावरच्या दोन गेजमध्ये चार-पाचचा फरक सहज निघतो.

पाटा_शॅकल

तापीकाठ भाऊंनी हवेचं सांगितलंच आहे, मी थरथरीकडे येतो.

सीटखाली जास्त आणि स्टेअरिंगला कमी, म्हणजे संशय मागच्या चाकांवर. खात्री करायला पुढची-मागची चाकं आपापल्या बाजूला अदलाबदल करा. थरथर स्टेअरिंगमध्ये आली तर दोष चाकात आहे. सीटखालीच राहिली तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ड्रम किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा).

दुसरी चाचणी: मोकळ्या सरळ रस्त्यावर ८५ ला थरथर सुरू असताना क्षणभर न्यूट्रल करा. चावीला हात लावायचा नाही, स्टेअरिंग लॉक होईल. तशीच राहिली तर चाकं. गेली किंवा बदलली तर शाफ्टची लाइन.

मोबाइलमध्ये कंपनं मोजणारं ॲप असेल तर तो सीटच्या पायाशी घट्ट दाबून धरा, बाजूला बसलेल्याने, चालवणाऱ्याने नाही. तुमच्या मापाच्या टायरचा घेर साधारण २.४३ मीटर. ताशी ८० ला चाक सेकंदाला नऊ फेरे मारतं. आलेख ९ हर्ट्‌झजवळ उंच दिसला तर एका जागी वजन किंवा उंचवटा आहे. १८ जवळ दिसला तर चाक अंडाकृती. ३५-४० च्या आसपास दिसला तर शाफ्ट, कारण तो चाकाच्या चौपट फिरतो.

मग गाडीची मागची बाजू घोडीवर (पक्क्या स्टँडवर). पुढच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल, फोर व्हील काढलेलं. जॅकवर नुसती लटकवून खाली वाकायचं नाही.

बीडच्या (टायरची रिममध्ये बसणारी कड) वर साइडवॉलवर एक बारीक रेघ गोल फिरते. रिमच्या काठापासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका जागी ३ मिलिमीटर आणि समोर ६ असेल तर बीड पूर्ण बसलेलाच नाही. असा टायर कितीही वेळा बॅलन्स करा, मशीन शून्य दाखवेल आणि रस्त्यावर तो उडेल. मशीन फक्त वजन बघते, गोलाई बघत नाही.

मग गोलाई मोजा. ऑल-टेरेनचे ठोकळे मोजू देत नाहीत, म्हणून ट्रेडच्या मधोमध मास्किंग टेप एक फेरा ताणून लावा. विटेवर लांब स्क्रू टेकवून टोक टेपच्या जवळ आणा, चाक हाताने फिरवा आणि जवळात जवळ व लांबात लांब फट मोजा. दीड मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. अडीचच्या वर असेल तर थरथरणारच. रिमच्या काठावरही तेच करा. तिथे एक मिलिमीटरच्या वर आलं तर रिम वाकलेली आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा. आपली काळी माती ओली असताना आत चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. बाहेरून चाक चकचकीत, आत पाव किलोचा ढेकूळ. १०० ग्रॅम माती मध्यापासून २० सेंटिमीटरवर बसली तर ८० च्या वेगाला साडेसहा किलोचा हिसका देते, सेकंदाला नऊ वेळा. पाइपने पाणी मारून ती निघत नाही. लाकडी फळीने खरवडावी लागते, लोखंडाने नको, चिकटवलेली वजनं उडतात.

यावलरोड

वजनं: पुढचा ॲक्सल ११२०, मागचा ८६०, टाकी अर्धी, एक माणूस. पहाटे चारही टायर ३५ केले. दणका बराच गेला.

थरथर कायम. चाकं अदलाबदल केल्यावर स्टेअरिंगमध्ये आली. डाव्या मागच्या चाकाची (आता पुढे) रेघ एका जागी ३, समोर ६.५. टेपवर २.६ मिलिमीटर. त्याच चाकावर एकूण १४० ग्रॅम वजन लावलेलं. बाकीची तीन ४० ते ६० ग्रॅम. आत माती होतीच, उजव्या मागच्यात.

तापीकाठ

११२० म्हणजे पुढे एका टायरला ५६०, मागे ४३०. ३५ ला टायर ७७० पेलतो, म्हणजे रिकाम्या गाडीला ३५ भरपूर आहे. त्याखाली जायचं कारण नाही. १६ गोण्या टाकल्या की ८०० किलो, ते जवळजवळ सगळं मागे धरा: १६६०, एका टायरला ८३०. ४० ला ८४५ म्हणजे अगदी काठावर. मागे ४५ करा, पुढे ३५ राहू द्या. गोण्या उतरल्या की पुन्हा ३५. छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा, नाहीतर दर वेळी आळस होतो आणि ४५ तशीच राहते.

पाटा_शॅकल

सापडला. १४० ग्रॅम ही तक्रार होती, इलाज नव्हता. चाक गोल नव्हतं म्हणून मशीन वजन मागत गेली.

पंक्चरवाल्याकडे उभं राहून करून घ्या. हवा पूर्ण सोडा, वॉल्व्हची पिन काढा, दोन्ही बाजूंचा बीड मोडा. रिमची बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करा, जुन्या सीलरचा थर बहुधा तिथेच असतो. बीडची पेस्ट दोन्ही कडांना पूर्ण फेरा लावा. डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल अजिबात नको. ऑइलने रबर फुगतं, शिवाय टायर रिमवर घसरत राहतो. पिन न घालता हवा मारा. ४० च्या वर जायचं नाही. नाही बसला तर हवा सोडून टायर थोडा फिरवा आणि पुन्हा पेस्ट. "अजून थोडी मार" म्हणणाऱ्यांचे हात तुटलेत या कामात. बसताना बाजूला उभे राहा.

टायरवर लाल ठिपका असेल तर तो रिमच्या खुणेशी जुळवा. रिमवर खूण नसेल तर पिवळा ठिपका वॉल्व्हशी. दोन्ही पुसले गेले असतील तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बघा.

बसल्यावर वॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ मारा. पहिल्या दिवशी पेस्ट ओली असते, करकचून ब्रेक मारला तर टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्स बिघडतं. रेघ सरकली तर कळेल.

बॅलन्सिंगवाल्याला एक काम सांगा: शून्य आल्यावर चाक ढिलं करून मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावायचं. आता १० ग्रॅमच्या वर दाखवलं तर मशीनचा चाक धरणारा शंकू (कोन) झिजलाय किंवा चाक मध्यावर बसलं नाही. तिथून उठा. जुनी वजनं सगळी काढल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका.

चढवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासा. तिथला गंजाचा एक पापुद्रा काठावर मिलिमीटरभर होतो. नट हाताने चांदणीच्या क्रमाने, चाक हवेत असताना. गन फक्त खोलायला. शेवटचा आवळ टॉर्क पान्ह्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

यावलरोड

झालं. रेघ आता सगळीकडे ४, टेपवर १.१ मिलिमीटर, वजन ४५ ग्रॅम. ८० ते १०० स्वच्छ. फक्त गोण्या भरलेल्या असताना ५५-६० ला ॲक्सिलरेटर दाबला की मागून बारीक घरघर. पाय काढला की बंद. ही टायरचीच का?

पाटा_शॅकल

नाही. पाय काढल्यावर जाते म्हणजे शाफ्टची लाइन. भार टाकल्यावर मागचा ॲक्सल खाली-वर होतो, जॉइंटचा कोन बदलतो. गाडी चाकांवरच उभी, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, मग शाफ्ट हाताने पिळून बघा: क्रॉसमध्ये (शाफ्टच्या जॉइंटमध्ये) 'टक' असा खेळ लागला तर क्रॉस बदलायचा. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का ते बॅटरी मारून बघा. दोन तुकड्यांचा शाफ्ट कोणी उतरवला होता का विचारा. जोडताना खुणा जुळवल्या नसतील तर अशीच घरघर येते. स्प्लाइनला (शाफ्टच्या सरकत्या खाचांच्या जोडाला) ग्रीस मारून घ्या, नवीन ग्रीस कडेने बाहेर दिसेपर्यंत. पाट्यांचे यू बोल्टही त्याच वेळी बघा, ढिले असले की ॲक्सल दाबाखाली पिळला जातो.