दिवसा उडणारे रंगीत पतंग : तुमच्या बागेत काय दिसलं?

शाहूपुरीची माई :
आज सकाळी तुळशीला पाणी घालताना पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या किड्यांची एक जोडी दिसली. शेपटीला शेपटी चिकटलेली, तोंडं दोन दिशांना. दुपारी वाळलेले कपडे काढायला गेले तरी तिथंच. आणि एकदम आजी आठवली, हातात केरसुणी घेतलेली. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी परसात हेच यायचे आणि आजी "गांधीलमाशी गं, लांब हो" म्हणत झोडत सुटायची. चौथीत असताना मी तिची नजर चुकवून एक काड्यापेटीत भरला, शाळेत नेला आणि तळहातावर ठेवून दाखवला. "मला चावत नाही, मी मंत्र घातलाय." आठवडाभर भाव खाल्ला! आता लेक म्हणतो हा हँडमेडन मॉथ, म्हणजे दिवसा उडणारा पतंग, याला नांगीच नसते. गांधीलमाशीसारखा दिसून पक्ष्यांना फसवतो. आजीला तर जन्मभर फसवलं की त्यानं.
तुम्हीही लिहा. गच्चीतली एक कुंडी असली तरी चालेल.

गोडोलीकर :
मंत्र 😂 माई, आम्हाला पण द्या तो. डासांसाठी.

अनंतवेडी :
माझ्या अनंताची पानं रोज गायब, फरशीवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या. शोधून शोधून थकले. शेवटी सापडली बोटाएवढी जाड हिरवी अळी, पानाच्याच रंगाची, शेपटीवर शिंग. मी फवारायला निघाले तर मुलगी रडायला लागली. मग बरणीत माती घालून ठेवली, रोज अनंताची पानं. अळी पाल्याखाली गेली आणि कोष झाला. मी विसरूनही गेले होते. एक दिवस शाळेची गडबड, डबा भरतेय, आणि ही ओरडली. बाहेर आलेल्याच्या पंखांवर करडी पूड होती. त्यानं पंख थरथरवले, उडाला आणि पूड झडून पंख काचेसारखे आरपार! दिसायला थेट मोठा भुंगा. पोळी करपली ती करपलीच.

विश्रामबाग सांगली :
करपलेल्या पोळीचा लाडू करा. गूळ जरा जास्त घाला, कळत नाही.

चारभिंती :
आमचे हे गेली तीन वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगतायत की आमच्या सदाफुलीवर हमिंगबर्ड येतो. मी आपली गप्प. परवा भाच्यानं सांगितलं, काका, हमिंगबर्ड अमेरिका खंडातले, भारतात नसतातच. हा हॉकमॉथ. हवेत एका जागी थांबून लांब सोंड फुलात घालतो. आता हे म्हणतात "मी मॉथच म्हणत होतो".

गोडोलीकर :
काकांचा विजय असो. बाकी माझ्याकडं त्याचे 47 फोटो आहेत, सगळ्यांत नुसतं फूल.

ऊसवाला मिरज :
आमच्याकडं उसाच्या आधी ताग करून खतासाठी गाडत्यात, म्हाईत असंल. बांधालगतच्या दोन-चार ताटांना फूल आलंय. त्यात शिरलं की पांढरी पाकोळी उठती, अंगभर लाल-काळं ठिपकं, रांगोळी काढल्यागत. दोन पावलांवर परत बसती. लई भारी दिसती. पण तिचीच अळी तागाच्या शेंगा पोखरती. बी धरायचं असलं तर शिव्याच बसत्यात.

शाहूपुरीची माई :
दादा, ती युटेथिसा नावाच्या पतंगाची जात असेल, लेकाला विचारून सांगते. तागातलं विष अळी अंगात साठवते म्हणे, म्हणून पक्षी तोंड लावत नाहीत. म्हणूनच एवढी निवांत बसत असेल.

ऊसवाला मिरज :
आमची म्हस बी तशीच निवांत बसती, तिला कुणाचं इष न्हाई लागत.

कृष्णाकाठ :
हरिपूर रस्त्याला आमची छोटी बाग होती. 2019 च्या पुरात गेली. पाणी उतरल्यावर अंगणात फक्त गाळ आणि कुणाचं तरी पातेलं. पुढच्या पावसाळ्यात गाळातून लिली आपोआप वर आल्या, आणि त्यांवर काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या. पानं फस्त. एरवी वेचून टाकल्या असत्या. त्या वर्षी म्हटलं खा बाबांनो. त्यांचे पतंग झाले ते लाल-पिवळे-काळे, गोधडीच्या ठिगळांसारखे. ते जास्त करून पानावर बसूनच असतात, दिवसा उडणाऱ्यांत धरायचे का माहीत नाही. पण लिहावंसं वाटलं.

अनंतवेडी :
धरायचे. ❤️ कंद हवे असतील तर सांगा, माझ्याकडं पिवळ्या लिलीचे आहेत.

चारभिंती :
बाळबोध प्रश्न. मग फुलपाखरू आणि पतंग ओळखायचे कसे? मी तर दिवसा ते फुलपाखरू, रात्री ट्यूबलाइटवर तो पतंग, एवढंच शिकले.

शाहूपुरीची माई :
मिशा बघायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीतल्या काडीसारखी. पतंगाची मिशी बहुतेक वेळा दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी. सांगायला सोपं, चष्मा सापडेपर्यंत उडालेला असतो.

विश्रामबाग सांगली :
फुलपाखरांचं नशीबच वेगळं. ब्लू मॉर्मनला 2015 मध्ये राज्य फुलपाखरू केलं. पतंगाच्या वाट्याला ट्यूबलाइट आणि पाल. आमच्या कॉलनीच्या बागेत तर दर महिन्याला औषध मारतात, तक्रार केली तर म्हणे "किडेच मरतात, माणसं नाहीत". अरे पण मी किड्यांसाठीच येतो ना तिथं.

गोडोलीकर :
अनंतवेडीताई, अनंताची फांदी मिळेल का? आईला देवाला फुलं हवीत. शनिवारी पोवई नाक्यावर येतो. बदल्यात कंदी पेढे.

अनंतवेडी :
मिळेल. पण सध्या प्रत्येक फांदीवर एक-एक पाहुणा आहे, सोडवून देऊ का?

गोडोलीकर :
राहू द्या की. आईला सांगतो फांदीबरोबर फुकट आलंय.