विषय: रविवारची पांढरी चिली (चिकन-बीन्सचा दाट रस्सा) – राजम्याचं काय करायचं?

प्रेषक: भोजन समिती
मंडळी, सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) संध्याकाळची ३५ पानं नक्की झाली. सहा क्वार्टचे चार स्लो कुकर लागणार, तीन मिळालेत. कृती गेल्या वर्षीचीच. एका कुकरला दोन पौंड चिकन थाय, तीन डबे पांढरे बीन्स, हिरव्या मिरच्यांचे दोन छोटे डबे, कांदा, लसूण, जिरेपूड, ओरेगानो, चार कप ब्रॉथ. 'लो' म्हणजे मंद आचेवर सहा तास. क्रीम चीज शेवटच्या अर्ध्या तासात, लिंबू वाढताना. (गेल्या वर्षी आधी कोणी पिळलं होतं ते लक्षात आहे.)
आता घोळ असा, की सांगितले होते बारा डबे आणि खजिनदारांनी आणलाय चार पौंड कोरडा पांढरा राजमा. काय करायचं?

प्रेषक: खजिनदार
घोळ कसला? चार पौंडांत बारा डब्यांचं काम भागतं, पैसेही वाचतात. रात्री भिजवा, सकाळी चिकनबरोबर स्लो कुकरमध्ये टाका. क्रॉकपॉट, म्हणजे आपला स्लो कुकरच, १९७१ साली बाजारात आला, त्याआधी त्याचा मूळ अवतार 'नॅक्सन बीनरी' म्हणून ओळखला जायचा. भांडंच बीन्ससाठी जन्माला आलंय!

प्रेषक: माजी सचिव
अहो, नाव काही का असेना! राजम्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं विष असतं. लाल राजम्यात जास्त, पांढऱ्यात साधारण त्याच्या एक तृतीयांश, पण असतंच. त्याला खळखळून उकळी लागते. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, म्हणतं, पाच तास भिजवा, ते पाणी ओता, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळा. स्लो कुकर 'लो'वर तेवढा तापेलच असं नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. आमच्या ह्यांनी एकदा लाल राजमा असाच लावून दिला होता. जेवून दोन तास झाले नाहीत तोच चौघांची बाथरूमसमोर रांग. ह्यांनी मात्र फक्त भात खाल्ला होता.

प्रेषक: काकू
एवढं रसायनशास्त्र कशाला? प्रेशर कुकर काय वरणभातापुरताच असतो का? भिजवा, पाणी बदला, तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. दाणा बोटांत दाबला की मऊ लागला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. आणि तो चिलीत शेवटच्या तासातच घाला, नाहीतर त्याचं पिठलं होतं. आजवर माझ्या उसळीने कोणाचं पोट बिघडलेलं नाही, हेही नोंदवून ठेवा.

प्रेषक: ध्वनी आणि वीज
शिट्ट्यांवरून आठवलं. गेल्या वर्षी चारही स्लो कुकर आणि चहाचा अर्न (विजेचं मोठं पिंप) एकाच भिंतीला लावले होते, ऐन हाफटाइमला ब्रेकर उडाला. ते सर्किट १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॅट. अर्न एकटाच १५०० खातो. यंदा अर्न स्टेजकडे. कृपया कोणी "इथेच सोयीचं आहे" म्हणू नये.

प्रेषक: काकू
चहा स्टेजकडे? मग कप कोण तिकडे नेणार?

प्रेषक: एक शाकाहारी सभासद
आमच्या चिलीचा डाव वेगळा ठेवा. मागच्या वेळी एकच डाव दोन्हीकडे फिरत होता.

प्रेषक: भोजन समिती
डाव वेगळा, अर्न स्टेजकडे, कप ध्वनीवाल्यांनी न्यावेत. राजमा काकूंच्या पद्धतीने. चिकन शनिवारीच फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा, गोठलेलं थेट कुकरात नको.
मंडळाचा दहा लिटरचा प्रेशर कुकर आत्ताच स्टोरेजमधून काढला. झाकण आहे, शिट्टी आहे, रिंग नाही. गणपतीत मोदकांना शेवटचा कोणी वापरला?

प्रेषक: खजिनदार
मोदक काकूंकडे होते.

प्रेषक: काकू
मोदक माझ्याकडे होते, कुकर नव्हता. मी चाळणीवर उकडते. ज्याने राजमा आणला त्याने रिंगही आणावी.

प्रेषक: खजिनदार
बारा डबे आणतो. बिल पाठवतो.